लोकप्रिय वामनराव लाखे

रायपुरात लाखेनगर ठाऊक नाही असा माणूस विरळा. रिक्षावाल्याच्या, भाजीवालीच्या, शाळेच्या बसचालकाच्या तोंडी हे नाव रोज असते. पण हे लाखे कोण, असे विचारले तर आपल्या मराठी घरांतली मुलेही गप्प राहतात. म्हणून या अंकाच्या मराठी पानावर वकील वामन बळीराम लाखे यांची ही ओळख.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून अनेक मराठी कुटुंबे छत्तीसगडात स्थायिक झाली. घरात मराठी आणि अंगणाबाहेर छत्तीसगढी व हिंदी, असे त्यांचे जगणे होते. अशाच एका घरात १७ सप्टेंबर १८७२ रोजी रायपूर येथे वामनरावांचा जन्म झाला. वडील बळीराम गोविंदराव यांनी गरिबीतून कष्टाने संसार उभा केला होता. पैसा किती घाम गाळून येतो, हे मुलाने लहानपणीच पाहिले. रायपूरच्या शाळेत शिकताना त्यांची मैत्री माधवराव सप्रे यांच्याशी झाली आणि ती पुढे मोठ्या कामाला कारण ठरली.

जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू झाले. या प्रदेशातले ते पहिले नियतकालिक. संपादक होते माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोळकर, प्रकाशक होते वामनराव लाखे. तिघेही मराठी, पण वाचक ज्या भाषेत वाचतो त्या भाषेत लिहायचे, हा त्यांचा निर्णय होता. तो काळ भीषण दुष्काळाचा होता. मध्य प्रांतात पिके बुडाली होती, माणसे अन्नासाठी गाव सोडत होती. अशा दिवसांत वर्गणी भरून मासिक घेणारे किती मिळणार? मासिकावर नाव संपादकाचे गाजते, पण कागदाचे, छपाईचे आणि टपालाचे पैसे उभे करण्याचा भार प्रकाशकावर असतो. वामनरावांनी तो तीन वर्षे वाहिला. सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा, जी हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये गणली जाते, ती १९०१ मध्ये याच मासिकात आली. अखेर तोटा सोसवेना आणि डिसेंबर १९०२ मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ बंद पडले.

वामनरावांनी कायद्याची परीक्षा देऊन रायपुरात वकिली सुरू केली. वकिलाच्या बैठकीत जी माणसे येतात, त्यांत कर्जाने गांजलेला शेतकरी असतोच. बियाण्यासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे, पीक आले की व्याजात द्यायचे, पाऊस चुकला की जमीन गहाण टाकायची. या चक्रातून एखाद्याला कोर्टात सोडवता येई, पण त्याच्यामागे शंभर उभे असत. कोर्टाचा निकाल हा कर्जाचा उपाय नव्हता.

उपाय सहकारात होता. १९०४ च्या कायद्याने गावोगावी पतसंस्था काढण्याची मुभा मिळाली आणि १९१२ च्या कायद्याने त्या संस्थांना पैसा पुरवणाऱ्या मध्यवर्ती बँकांची वाट मोकळी झाली. दुसऱ्याच वर्षी, १९१३ मध्ये, वामनरावांनी पुढाकार घेऊन रायपूरला सहकारी मध्यवर्ती बँक उभी केली आणि तिच्या मंत्रिपदाचे काम अंगावर घेतले. एकट्या गरीब शेतकऱ्याला कोणी कर्ज देत नाही, पण गावातले दहा जण एकमेकांना जामीन राहिले तर देता येते, हे या व्यवस्थेचे साधे मर्म. त्यासाठी हिशेब चोख हवा आणि सांगणाऱ्यावर विश्वास हवा. हा विश्वास वामनरावांनी मिळवला.

या कामाबद्दल इंग्रज सरकारने त्यांना ‘रायसाहेब’ ही पदवी दिली. त्या काळी अशा पदवीने कचेरीत खुर्ची मिळे आणि वकिलाकडे अशिलांची रांग लागे. मात्र १९२० मध्ये असहकाराची हाक आली आणि वामनरावांनी ती पदवी परत केली. सरकारची नाराजी ओढवून घेण्याचा तो प्रकार होता, हे कायदा जाणणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. रायपूरकरांनी मग त्यांना आपल्या वतीने एक पदवी दिली: ‘लोकप्रिय’. ती कोणत्याही सरकारी कागदावर नव्हती, पण शेवटपर्यंत टिकली.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांनी पदवी सोडली, ज्या कामासाठी ती मिळाली होती ते काम सोडले नाही. सहकाराचे कार्य पुढेही चालूच राहिले. १९२१ मध्ये रायपुरात राष्ट्रीय विद्यालय सुरू झाले, त्याचीही जबाबदारी त्यांनी घेतली.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह आला. समुद्र इथून शेकडो मैल दूर, तरी रायपूर मागे राहिले नाही. त्या लढ्यातल्या पाच पुढाऱ्यांना लोक पाच पांडव म्हणू लागले: महंत लक्ष्मीनारायणदास भीम, ठाकूर प्यारेलाल सिंह अर्जुन, मौलाना रऊफ नकुल, शिवदास डागा सहदेव आणि वामनराव युधिष्ठिर. अठ्ठावन्न वर्षांच्या या युधिष्ठिराला तुरुंगात जावे लागले. पुढे व्यक्तिगत सत्याग्रहात, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी पुन्हा कारावास पत्करला. बाहेर आल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. १९४५ मध्ये बलौदाबाजार येथे शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी उभी राहिली, तिच्यामागेही तेच होते. स्वतंत्र भारत पाहून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेक जण उद्या गणवेशावर पदके लावतील आणि ती अभिमानाने लावावीत, कारण ती आपल्या देशाने दिलेली असतील. वामनरावांपुढे प्रश्न वेगळा होता: देणारा कोण, आणि त्याच्या बदल्यात तो आपल्याकडून कोणते मौन मागतो? त्यांनी तो प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तराची किंमत मोजली. पदक असो वा नसो, रोजचा हिशेब चोख ठेवणे आणि सोबत्यासाठी जामीन उभे राहणे, हे शिस्तीचेच काम आहे. पुढच्या वेळी बस लाखेनगरहून जाईल तेव्हा शेजारी बसलेल्या मित्राला हे सांगा.