शत्रुदेशांच्या शास्त्रज्ञांना एकत्र आणणारे कार्मान
पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले, पण जर्मन शास्त्रज्ञांना आंतरराष्ट्रीय परिषदांची दारे बंदच राहिली. विमानविद्येसाठी हे जास्तच नुकसानीचे. हवेच्या प्रवाहाचे गणित एका देशापुरते थोडेच असते? बुडापेस्टमध्ये जन्मलेले थिओडोर फॉन कार्मान तेव्हा जर्मनीतील आखेनमध्ये प्राध्यापक होते. युद्धात ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात होते. इटलीचे गणितज्ञ लेवी-चिविता शत्रुपक्षाच्या देशातले. तरीही या दोघांनी पुढाकार घेऊन १९२२ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुकला वायू व द्रवगतिशास्त्राची परिषद भरवली. त्यातूनच १९२४ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्टला उपयोजित यांत्रिकीची पहिली आंतरराष्ट्रीय काँग्रेस झाली. ती आता दर चार वर्षांनी भरते. कार्मान १९३० मध्ये अमेरिकेत स्थायिक झाले. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेही आखेनमध्येच.