जॉन राबे यांची रोजनिशी

इतिहासाविषयीं वाद पेटला म्हणजे प्रत्येक पक्ष आपणांस सोयीचा साक्षीदार शोधूं लागतो. कोणत्याही पक्षास सर्वस्वीं सोयीचे न ठरलेले एक साक्षीदार म्हणजे जॉन राबे होत.

त्यांचा जन्म १८८२ सालीं जर्मनींतील हँबुर्ग शहरीं झाला. १९०८ सालीं ते चीन देशांत गेले व पुढें सीमेन्स कंपनीचे नानकिंग येथील प्रमुख झाले. ते नाझी पक्षाचे सभासद होते, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

नानकिंग ही त्या वेळीं चीनची राजधानी होती. १९३७ सालीं जपानी सैन्य जवळ येऊं लागलें, तेव्हां तेथें राहिलेल्या परकीय मिशनरी, डॉक्टर व व्यापारी मंडळींनीं निर्वासितांकरितां एक सुरक्षित टापू आंखला आणि राबे यांस अध्यक्ष नेमिलें. डिसेंबरांत शहर पडलें व कत्तल सुरू झाली. टापूंत सुमारें २,००,००० लोकांनीं आश्रय घेतला. राबे यांच्या घराच्या आवारांतच ६०० हून अधिक होते. जर्मनी जपानचा मित्र, म्हणून पक्षाचें चिन्ह दाखवून ते सैनिकांस हुसकून लावीत. आणि जें पाहिलें तें रोजनिशींत टिपून ठेवीत.

१९३८ सालीं स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं व्याख्यानें दिलीं व हिटलरकडे अहवाल पाठविला. तेव्हां गुप्त पोलिसांनीं त्यांस धरून नेलें. सुटका झाली, पण बोलण्यास बंदी आली. युद्धानंतर त्यांस दारिद्र्यानें गांठलें, त्या वेळीं नानकिंगच्या नागरिकांनीं वर्गणी जमवून साहाय्य पाठविलें. ५ जानेवारी १९५० रोजीं ते वारले.

रोजनिशी १९९६ सालीं जगापुढें आली. युद्धानंतर टोकियोच्या न्यायासनानें मृतांची संख्या २,००,००० हून अधिक धरली होती. चीन ३,००,००० सांगतो. जपानांतील कांहीं लेखक कत्तलच नाकारतात. राबे यांच्या अहवालांतील अंदाज ५०,००० ते ६०,००० चा आहे. हा आकडा नाकारणाऱ्यांस आवडतो, परंतु रोजनिशींतील नित्याच्या हत्या व अत्याचार त्यांस अडचणीचे वाटतात. राबे फेब्रुवारींतच शहर सोडून गेले होते. शहराबाहेरचें फारसें त्यांना दिसलें नव्हतें. २०१५ सालीं युनेस्कोनें या कत्तलीचीं कागदपत्रें जागतिक स्मृतींच्या यादींत घेतलीं, तेव्हांही जपान सरकारनें निषेध केला.

विद्यार्थिमित्रांनो, राबे यांनीं आकडा फुगविला नाहीं, आणि पाहिलेलें लपविलेंही नाहीं. साक्ष द्यावयाची ती अशी.