डॉ. लेज्यून आणि सात भ्रूण

स्टेम सेलचा वाद निघाला की मला डॉ. जेरोम लेज्यून आठवतात. त्यांचा जन्म १९२६चा, पॅरिसजवळचा. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांवर त्यांनी आयुष्यभर उपचार केले. या मुलांच्या पेशींत ४६ऐवजी ४७ गुणसूत्रं असतात, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी १९५९मध्ये जाहीर केलं. पेशी वाढवण्याचं मूळ काम मार्थ गोतिये यांचं. श्रेय मात्र बहुतेक लेज्यूननाच मिळालं, हेही सांगायला हवं.

पुढे याच शोधामुळे गर्भातच तपासणी होऊ लागली आणि गर्भपातही. ज्या मुलांसाठी शोध लावला, त्यांच्याच जिवावर तो उठला. लेज्यून उघड विरोधात उभे राहिले.

१९८९मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीत, घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याच्या सात गोठवलेल्या भ्रूणांचा खटला चालला. लेज्यून पॅरिसहून साक्षीला गेले. भ्रूण हा माणूसच, असं त्यांनी सांगितलं. न्यायाधीशांना ते पटलं. पण १९९२मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने भ्रूणाला ना व्यक्ती मानलं, ना मालमत्ता.

१९९४च्या ईस्टरला लेज्यून वारले. १९९८मध्ये मानवी भ्रूणातून स्टेम सेल वेगळ्या काढण्यात आल्या. त्यात भ्रूण नष्ट होतो. पार्किन्सनचा रुग्ण या संशोधनाकडे आशेने बघतो, त्या आशेला मी नावं ठेवणार नाही. पण एकाला बरं करताना दुसऱ्याचा कच्चा माल करायचा का? माझं उत्तर नाही असंच आहे. तुमचं वेगळं असेल, तर त्या सात भ्रूणांना तुम्ही काय म्हणाल?