विश्लेषण : नाना फडणवीस केवळ मुत्सद्दी नव्हते! पेशवाईच्या हिशेबनिसाची गोष्ट आणि आजची ‘ओपन सोर्स’ खातेवही

मार्चअखेर म्हणजे हिशेबाचे दिवस. पीक कर्जाचा भरणा, सोसायटीचे व्याज, दुकानातला शिल्लक माल, अडत्याकडून यायचे पैसे… वाशिम, कारंजा, रिसोडच्या बाजारपेठेत या महिन्यात ज्याच्या त्याच्या हातात कॅल्क्युलेटर दिसतो. याच महिन्यात, १३ मार्च १८०० रोजी, मराठी इतिहासातल्या सर्वांत नावाजलेल्या हिशेबनिसाचे पुण्यात निधन झाले. त्यांचे नाव बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणवीस.

शाळेच्या पुस्तकातून आपल्याला नाना भेटतात ते पेशवाईच्या ‘साडेतीन शहाण्यां’पैकी अर्धे शहाणे म्हणून. ते लढवय्ये नव्हते, म्हणून अर्धे! पण त्यांचे खरे बळ होते ते वहीत. ती वही कशी चालायची, ती बंद पडल्यावर काय झाले आणि आज मोबाइलवर खर्च लिहिणाऱ्याला त्यातून काय घेता येईल, ते समजून घेऊ.

नाना फडणवीस कोण होते?

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यात झाला. भानू घराणे मूळचे कोकणातल्या वेळासचे. आजोबा बाळाजी महादेव हे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्यासोबत दिल्लीला गेले होते. १७१९ मध्ये तिथल्या दंगलीत ते मारले गेले. पेशव्यांनी या घराण्याला अंतर दिले नाही आणि फडणिशी भानूंच्या घरात राहिली.

१७५६ मध्ये वडील जनार्दनपंत वारले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी नानांकडे फडणिशी आली. १७६१ च्या पानिपत मोहिमेत ते आई आणि पत्नीसह तीर्थयात्रेच्या निमित्ताने गेले होते. १४ जानेवारीला सैन्याची दाणादाण उडाली. अठरा वर्षांचे नाना वेश बदलून, पायी चालत, कसेबसे निसटले. पत्नी वाचली, आई मात्र कायमची दुरावली. हे सारे त्यांनी पुढे आपल्या छोट्या आत्मचरित्रात लिहून ठेवले.

फडणवीस म्हणजे नेमके काय काम?

हा शब्द ‘फर्द-नवीस’ यावरून आला. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद, नवीस म्हणजे लिहिणारा. म्हणजे हे मुळात आडनाव नव्हे, हुद्दा आहे. सरकारी जमा-खर्च, इनामे, नेमणुका, सनदा यांची नोंद फडणिसाच्या दफ्तरात झाली की मगच तो व्यवहार पक्का व्हायचा.

नानांच्या फडात हिशेब कसा चालायचा?

पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करत. साधारण क्रम असा असे :

• रोजकीर्द – त्या दिवशी काय आले, काय गेले, कोणाच्या हुकमाने गेले, याची तारीखवार नोंद.

• खतावणी – रोजकिर्दीतल्या नोंदी उचलून त्या-त्या खात्यावर मांडणे.

• ताळेबंद – सगळ्याचा गोषवारा. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती.

• बेहेडा – पुढच्या वर्षाचा अंदाज. आजच्या भाषेत बजेट.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे तपासणी. परगण्यात मामलेदार वसूल करत असे, पण त्याच्या शेजारी फडणीस, मुजुमदार, चिटणीस, पोतनीस असे स्वतंत्र दरकदार बसत. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. कागद एकाने लिहायचा, दुसऱ्याने तपासायचा, पैसे तिसऱ्याने मोजायचे. एकट्याने वही फिरवणे त्यामुळे अवघड जाई.

तेव्हा वाशिमकडे काय चित्र होते?

वाशिमचा भाग तेव्हा पुण्याच्या थेट अमलात नव्हता. वऱ्हाडात ‘दोअमली’ होती, म्हणजे निजाम आणि नागपूरकर भोसले दोघेही त्याच मुलखातून महसूल घेत. वाशिमचे प्रसिद्ध बालाजी मंदिर याच काळातले, भोसल्यांचे सरदार भवानी काळू यांनी बांधलेले. एका शेतावर दोन सरकारांचा हक्क म्हटल्यावर कोणाला किती दिले हे कागदावर असणे रयतेसाठी किती मोलाचे होते, ते सांगायला नको.

वहीतून सत्ता कशी उभी राहिली?

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादा गादीवर बसले. त्याविरुद्ध कारभाऱ्यांचे ‘बारभाई’ मंडळ उभे राहिले. त्यात सखारामबापू आणि नाना प्रमुख होते. नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव पाळण्यात असतानाच पेशवा झाला आणि कारभार हळूहळू नानांच्या हाती एकवटला.

पुढची वीस वर्षे मराठी राजकारण त्यांच्याभोवती फिरले. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना माघार घ्यावी लागली, १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. तलवारी महादजी शिंदे, हरिपंत फडके अशांच्या होत्या. कोणत्या सरदाराकडे किती सरंजाम, त्याने किती फौज ठेवायची, कोणाकडे किती बाकी, हे तपशील मात्र नानांच्या दफ्तरात होते.

मग चूक कुठे झाली?

नानांनी कारभाराला शिस्त लावली, पण स्वतःवर तपासनीस ठेवला नाही. जुने सहकारी सखारामबापू कैदेत गेले. स्वतःची संपत्ती प्रचंड वाढली. त्यांच्या मर्जीतला पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्या कोठडीत १७९१ मध्ये अनेक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. लोक खवळले आणि घाशीरामला दगडांनी ठेचून मारण्यात आले. पैशाच्या प्रत्येक नोंदीला साक्षीदार होता, कोतवालाच्या सत्तेला नव्हता.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यातून खाली पडून गेले. दुसरे बाजीराव पेशवे झाले. १७९७ च्या शेवटच्या दिवशी दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी नानांना पकडले आणि नगरच्या किल्ल्यात ठेवले. पुढच्या वर्षी सुटका झाली, कारभारही परत मिळाला, पण जुनी पकड आली नाही. दोन वर्षांत ते गेले.

नानांनंतर वहीचे काय झाले?

दुसऱ्या बाजीरावांच्या काळात दफ्तराची आबाळ झाली, कागद विस्कटले. महालांची वसुली मक्त्याने, म्हणजे जास्त बोली लावणाऱ्याला दिली जाऊ लागली. मक्तेदार बोलीचे पैसे रयतेकडून काढणार, हे उघडच होते. हिशेब सुटला की भार शेवटच्या माणसावर येतो, तो असा. १८०२ मध्ये वसईचा तह झाला आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली.

कागद मात्र उरले. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात निवडक कागदांचे ४५ खंड काढले. वाईजवळ मेणवलीच्या नानांच्या वाड्यातले दफ्तरही अभ्यासकांना मिळाले. अडचण एकच. हे कागद मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे आज मोजकेच. नोंद आहे, पण ती उघडणारी किल्ली दुर्मीळ झाली.

याचा आजच्या ‘ओपन सोर्स’शी काय संबंध?

खर्च नोंदवणाऱ्या एखाद्या मोबाइल ॲपमध्ये तुम्ही तीन वर्षांचा हिशेब लिहिलात. एक दिवस कंपनीने ॲप बंद केले. फाइल आहे, पण दुसरे कोणतेच सॉफ्टवेअर ती उघडत नाही. हीच डिजिटल मोडी!

ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅमचा मूळ कोड सर्वांसाठी खुला असतो. जाणकार तो तपासू शकतात, सुधारू शकतात, मूळ लेखक थांबला तर पुढे चालवू शकतात. म्हणजे परगण्यातल्या दरकदारांसारखे साक्षीदार सॉफ्टवेअरलाही मिळतात. काही परिचित पर्याय :

• ग्नूकॅश – पहिली आवृत्ती १९९८ ची. त्याच वर्षी १ जुलैला वाशिम जिल्हा झाला! संगणकावर मोफत चालते. घर आणि छोट्या दुकानासाठी उपयोगी.

• लेजर, एचलेजर, बीनकाउंट – यात हिशेब साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहतो. उद्या सॉफ्टवेअर नसले तरी फाइल डोळ्यांनी वाचता येते. मात्र कमांड टाइप कराव्या लागतात.

• माय एक्स्पेन्सेस – अँड्रॉइड मोबाइलवर रोजचा खर्च लिहिण्यासाठी.

• ईआरपीनेक्स्ट – मुंबईच्या फ्रापे कंपनीने घडवलेले, व्यवसायांसाठीचे.

दुहेरी नोंद म्हणजे काय?

ग्नूकॅश आणि लेजरसारखी सॉफ्टवेअर दुहेरी नोंदीवर चालतात. समजा, सोयाबीन विकून ४०,००० रुपये बँकेत आले. एक नोंद बँक खात्यावर, दुसरी विक्रीवर. त्यातून १५,००० सोसायटीत भरले, तर बँकेतून १५,००० कमी आणि कर्जही तेवढेच कमी. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर चूक लगेच दिसते. कारंजाच्या जुन्या पेढ्यांवरच्या मुनिमांना ‘जमा-नावे’ हा प्रकार नवा वाटला नसता.

सुरुवात करताना काय लक्षात ठेवाल?

• मोफत म्हणजे बिनकष्टाचे नव्हे. नोंद रोज तुम्हालाच करायची आहे.

• फाइल तुमच्याच ताब्यात राहते, तशी सांभाळण्याची जबाबदारीही. बॅकअप दोन ठिकाणी ठेवा.

• कोणतेही ॲप घेण्याआधी त्यातला हिशेब सीएसव्ही किंवा साध्या मजकुरात बाहेर काढता येतो का, ते तपासा.

• घरातल्या आणखी एकाला तरी ही वही उघडता आली पाहिजे. शेतीचा, कर्जाचा, विम्याचा हिशेब एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर तो आजारी पडला की घर अडते. पेशवाईसुद्धा अडली होती.