झिप फाईलच्या सुरुवातीला दडलेला 'पीके' कोण?

कुठलीही झिप फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा. अगम्य चिन्हांचा ढीग दिसेल, पण सुरुवातीची दोन अक्षरं वाचता येतील, पी आणि के. वर्डची डॉक्स किंवा अँड्रॉइडची एपीके फाईल उघडली तरी तेच, कारण आतून त्याही झिपच. ही आद्याक्षरं फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रामरची.

कॅट्झचा जन्म १९६२ चा, मिलवॉकी शहरातला. तिथल्याच विद्यापीठात तो कॉम्प्युटर सायन्स शिकला. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. लोक मोडेम लावून फोनवरून 'बुलेटिन बोर्ड'शी जोडायचे, आणि फाईल उतरेपर्यंत फोनचं बिल चढत राहायचं. म्हणून फाईल आधी दाबून लहान करायची. त्यासाठी बहुतेकांकडे असायचं थॉम हेंडरसनच्या एसईए कंपनीचं 'आर्क'.

आर्क संथ होतं. कॅट्झने त्याची कितीतरी वेगवान आवृत्ती लिहिली, 'पीकेआर्क', आणि १९८६ मध्ये पीकेवेअर कंपनी काढली. एक कमांड टाइप करा, एंटर दाबा, काम झालं. प्रोग्राम शेअरवेअर होता, म्हणजे आधी वापरा, पटलं तर पैसे पाठवा. लोकांच्या उड्या पडल्या.

१९८८ मध्ये एसईएने त्याला कोर्टात खेचलं. तपासात निघालं की कॅट्झच्या कोडमध्ये आर्कचा कोड होता, त्यातल्या टिपा आणि स्पेलिंगच्या चुकांसकट! तडजोड झाली, कॅट्झने पैसे भरले. पण बोर्डवाल्यांना वाटलं, बडी कंपनी एकट्या पोराला छळतेय. खरं तर एसईएसुद्धा छोटासाच धंदा होता, आणि आर्कचा सोर्स कोड लोकांना बघायला तिनेच खुला ठेवला होता. पैसे एसईएला मिळाले, गिऱ्हाईक मात्र कॅट्झकडे गेलं. हेंडरसनवर हा अन्यायच म्हणायचा.

१९८९ मध्ये कॅट्झने नवं 'पीकेझिप' आणलं. प्रोग्राम त्याचा, पण झिप फाईलची रचना त्याने सगळ्यांसाठी जाहीर केली. हवं त्याने झिप बनवणारा, उघडणारा प्रोग्राम लिहावा! १९९३ च्या आवृत्तीत 'डिफ्लेट' ही पद्धत आली. एखादा तुकडा पुन्हा आला की तो परत लिहायचा नाही, 'इतकं मागे जाऊन एवढी अक्षरं उचल' अशी खूण ठेवायची. शिवाय वारंवार येणाऱ्या चिन्हांना छोटे कोड द्यायचे.

याचा खरा फायदा फुकट टूल्सना झाला. युनिक्सवरचं जुनं 'कम्प्रेस' पेटंटच्या कचाट्यात सापडलेलं. त्याच्या जागी जीएनयूचं 'जीझिप' आलं, ते डिफ्लेटवरच. लिनक्सच्या टर्मिनलवर अनेकजण टाइप करतात ते 'अनझिप' इन्फो-झिप गटाचं, तेही मोफत. पीएनजी फोटोसुद्धा डिफ्लेटनेच दाबला जातो.

कॅट्झकडे पैसा आला, पण तो कमांड लाइनच्या जगातच रमला. विंडोज पसरलं तेव्हा माऊसने झिप उघडून देणारं 'विनझिप' भाव खाऊन गेलं. इकडे कॅट्झचं दारूचं व्यसन वाढत गेलं. १४ एप्रिल २००० रोजी मिलवॉकीतल्या एका हॉटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. वय ३७. झिपची रचना सांगणारा दस्तऐवज पीकेवेअर आजही मोफत देते.