पंडिता रमाबाई : न मावळणारी आशा

पुण्याहून दौंडाकडे आगगाडीनें जाऊं लागलें म्हणजे वाटेंत केडगांव नांवाचें एक लहानसें स्टेशन लागतें. त्याच गांवीं मुक्ति मिशन आहे. निराधार स्त्रियांस व मुलींस आसरा देणारी ही संस्था ज्यांनीं उभारली, त्या पंडिता रमाबाईंचें नांव महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? त्यांच्या विद्वत्तेविषयीं व लोककार्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्ही येथें त्यांच्या चरित्रांतील एकच धागा हातीं धरणार आहों. जिच्यापाशीं आशा धरण्यासारखें कांहींच उरलें नव्हतें, अशा स्त्रीस न मावळणारी आशा कोठें गवसली, आणि ती गवसण्यास किती काळ लागला, हें आम्हांस आमच्या वाचकांस सांगावयाचें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं पश्चिमघाटांतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये असा त्या काळचा दंडक. परंतु तो न जुमानतां शास्त्रीबोवांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें, आणि तीच विद्या पुढें लक्ष्मीबाईंनीं आपल्या धाकट्या कन्येस दिली. तीर्थयात्रा कराव्या, पुराण सांगावें व मिळेल त्यावर निर्वाह करावा, असा या कुटुंबाचा क्रम होता.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत त्यांजवर दुष्काळाचा घाला आला. जवळचें द्रव्य दानधर्मांत संपून गेलेलें. मोलमजुरी करणें कुलास कमीपणाचें वाटे. शेवटीं अरण्यांत जाऊन प्राण सोडावा असें सर्वांनीं ठरविलें. अकरा दिवस झाडांचा पाला व पाणी यांवर निघाले. मग वडील बंधु श्रीनिवासशास्त्री यांनीं मजुरी करण्याचा निश्चय केला, तेव्हां तीं सर्व माघारीं फिरलीं. परंतु फार उशीर झाला होता. प्रथम वडील, मागून आई व कांहीं महिन्यांनीं थोरली बहीण, अशीं तिघें एकामागून एक निघून गेलीं.

उरलीं बहीणभावंडें पायीं देशभर भटकलीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं थंडी असह्य झाली, तेव्हां वाळूंत खड्डे खणून व अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनीं रात्र काढली. जीं व्रतें व अनुष्ठानें मनोभावें केलीं त्यांचें फळ कोठें आहे, हा प्रश्न त्यांच्या मनांत याच प्रवासांत उभा राहिला, व जुनी श्रद्धा ढासळली. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंचें संस्कृत ऐकून त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मान मिळाला, पण मनाची पोकळी भरली नाहीं. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बाबू बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. १८८१ सालीं मनोरमा नांवाची कन्या झाली. आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीच्या विकारानें पतीहि गेले. वयाची चोवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच ही विदुषी विधवा झाली.

पतीच्या घरीं सिलचर येथें लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत बाईंच्या हातीं लागली होती. पुण्यास आल्यावर त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, व १८८३ सालीं पुढील शिक्षणासाठीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें ज्या भगिनीसंघाच्या घरीं त्या राहिल्या, त्या संघाचा फुलहॅम येथें पतित स्त्रियांसाठीं आश्रम होता. समाजानें टाकलेल्या स्त्रियांची इतक्या ममतेनें सेवा चाललेली पाहून बाई थक्क झाल्या. हें कोणाच्या प्रेरणेनें होतें असें विचारतां, तेथील एका भगिनीनें त्यांस विहिरीवरील शोमरोनी स्त्रीची योहानाच्या शुभवर्तमानांतील कथा वाचून दाखविली. हिंदुस्थानच्या गांजलेल्या स्त्रीस उठवूं शकेल असा तारणारा हाच, अशी त्यांची खात्री पटली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्म्याबरोबर सर्व कांहीं साधलें, असें आम्हां सामान्यांस वाटेल. बाईंचा अनुभव तसा नव्हता. पुढें त्यांनीं चेल्टनहॅम येथें अध्ययन केलें, १८८६ सालीं अमेरिकेस जाऊन मदत मिळविली, १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडलें व पुढील वर्षीं तें पुण्यास आणलें. परंतु आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नाहीं, ही रुखरुख त्यांस सोडीना. १८९१ च्या सुमारास, आपल्या पुण्याईवर नव्हे तर केवळ देवाच्या कृपेवर विसंबावयाचें आहे, हें त्यांस उमगलें. आणि तेव्हां कोठें त्यांच्या मनास विसावा मिळाला. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षें लोटलीं होतीं! आमच्यापैकीं ज्यांचा धीर चार दिवसांत सुटतो, त्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

या आशेची कसोटी लवकरच लागली. सदनांत कोणाच्या धर्मांत हात घालावयाचा नाहीं असें ठरलेलें असतां, मुली बाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या. त्यावरून १८९३ सालीं मोठा गहजब झाला. थोर सल्लागारांनीं अंग काढून घेतलें व पालकांनीं कित्येक मुली परत नेल्या. लोकांस संशय कां आला हें आम्ही समजूं शकतों. बाईहि डगमगल्या नाहींत, हेंहि तितकेंच खरें. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां स्वतःच्या तरुणपणीचे ते अकरा दिवस त्यांस आठवले. त्या स्वतः तेथें गेल्या व शेंकडों उपाशी मुली घेऊन आल्या. त्यांतूनच केडगांवचें ‘मुक्ति’ वाढीस लागलें. १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथील आश्रितांची संख्या सुमारें दोन हजारांवर गेली. शेती, विणकाम, छापखाना हीं कामें मुलीच शिकल्या. आणि फुलहॅमची आठवण जागी ठेवून पतित स्त्रियांसाठीं ‘कृपासदन’ निघालें.

उतारवयांत, कान मंद असतांहि, मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून पवित्रशास्त्र सोप्या मराठींत आणण्याचें काम बाईंनीं चालविलें. १९२१ च्या जुलैंत एकुलती एक मनोरमा, त्यांची उजवा हात, वारली. एवढ्या घावानंतरहि हातांतील लेखणी खालीं पडली नाहीं. भाषांतर पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेवला.

आशा म्हणजे दुःख टळेल अशी खात्री नव्हे. तसें असतें, तर बाईंची आशा मनोरमेबरोबरच मावळली असती. १८७४ सालीं एक मुलगी मरावयास अरण्यांत गेली होती. तीच पुढें हजारों मुलींस मरणाच्या दारांतून परत आणिती झाली. या दोहोंच्या मध्यें काय घडलें, याचा विचार आमच्या शाळासोबत्यांनीं आपआपल्या मनाशीं करावा, आणि निराशेच्या वेळीं केडगांवचें तें लहानसें स्टेशन आठवावें, एवढीच आमची विनंति.