गुन्हा सिद्ध झाला नाही, तरी चार वर्षे कैद: संत पौलाचा खटला काय होता?

ख्रिस्ती धर्म यहुदी समाजाबाहेर नेण्यात ज्याचा मोठा वाटा होता, त्या पौलाचे मूळ नाव शौल. आजच्या तुर्कस्तानातल्या तार्सस शहरात, यहुदी घरात त्याचा जन्म झाला. तो जन्माने रोमन नागरिकही होता, आणि हे नागरिकत्व पुढे फार कामी आले. तंबू बनवणे हा त्याचा व्यवसाय. धर्मशास्त्राचे शिक्षण त्याने यरुशलेममध्ये गमलिएल या नामवंत गुरूकडे घेतले.

अन्यायी खटला कसा चालतो, हे त्याने तरुणपणीच पाहिले होते, तेही दुसऱ्या बाजूने. खोटे साक्षीदार उभे करून स्तेफनाला न्यायसभेपुढे आणले गेले आणि मग दगडमार करून ठार मारण्यात आले. तेव्हा दगड मारणाऱ्यांची वस्त्रे शौलाच्या पायाशी ठेवलेली होती आणि त्याला हे सारे मान्य होते. पुढे येशूच्या अनुयायांना पकडायला दिमिष्काकडे जाताना त्याला दर्शन झाले आणि तो स्वतःच येशूचा प्रचारक बनला. त्यानंतरची बरीच वर्षे प्रवासात, मंडळ्या स्थापण्यात आणि पत्रे लिहिण्यात गेली.

इ.स. 57 च्या सुमारास तो यरुशलेमला परतला. इफिसचा त्रफिम हा यहुदी नसलेला सहकारी काही लोकांना शहरात त्याच्याबरोबर दिसला होता. तेवढ्यावरून पौलाने त्याला मंदिराच्या आतल्या भागात नेले असावे, असा तर्क त्यांनी केला. आरोप साधा नव्हता. परक्याने आत पाऊल टाकल्यास मृत्यू ओढवेल, अशी ग्रीक भाषेतली ताकीद मंदिरात दगडावर कोरलेली होती. 1871 मध्ये सापडलेला तसा एक शिलालेख आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. जमाव पौलाला मारूच लागला, तेव्हा रोमन सरदार क्लौद्य लुसिया याने त्याला सोडवले. पण कारण काढून घेण्यासाठी फटके मारण्याचा हुकूमही त्यानेच दिला. पौलाने नागरिकत्व सांगताच तो घाबरला, कारण दोषी न ठरलेल्या रोमन नागरिकाला फटके मारणे बेकायदा होते.

चाळीसहून अधिक जणांनी पौलाच्या खुनाची शपथ घेतली. त्याच्या भाच्याने ही बातमी पोहोचवली आणि रातोरात मोठ्या बंदोबस्तात पौलाला कैसरियाला, सुभेदार फेलिक्सकडे हलवण्यात आले. सोबतच्या पत्रात लुसियाने कळवले होते की, मृत्युदंड किंवा तुरुंगवास द्यावा असे याच्यावर काहीच नाही.

प्रमुख याजकाने तिर्तुल्ल नावाचा वकील आणला. त्याने आधी सुभेदाराची भरपूर स्तुती केली, मग पौल दंगेखोर असल्याचे सांगितले. पौलाचे उत्तर नेमके होते: मंदिरात पाहिल्याचा दावा करणारे आशिया प्रांतातले लोक होते, मग ते इथे का नाहीत? फेलिक्सने निकाल दिला नाही. तो पौलाला वरचेवर बोलावून घेई, कारण त्याला लाच मिळण्याची आशा होती. दोन वर्षे अशीच गेली. बदली होताना यहुद्यांना खूश करण्यासाठी त्याने पौलाला कैदेतच ठेवले.

नवा सुभेदार फेस्त याने खटला यरुशलेमला नेण्याची सूचना केली. तिथे जाणे म्हणजे मरणच होते. पौलाने थेट कैसराकडे दाद मागितली. आता पंचाईत फेस्तची झाली: कैद्याला रोमला पाठवायचे, तर आरोप काय म्हणून लिहायचा? त्याने राजा अग्रिप्पाला पौलाचे म्हणणे ऐकवले. ऐकून अग्रिप्पाचे मत पडले की, कैसराकडे दाद मागितली नसती, तर हा माणूस सुटू शकला असता.

वाटेत माल्टाजवळ जहाज फुटले, तरी पौल रोमला पोहोचला आणि तिथे दोन वर्षे, शिपायाच्या पहाऱ्यात, भाड्याच्या घरात राहिला. बायबलमधले 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक इथेच संपते. निकाल त्यात नाही. परंपरेनुसार नीरोच्या काळात रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला. रोमन नागरिकाला सहसा क्रुसावर देत नसत. चित्रांत आणि पुतळ्यांत पौलाच्या हाती तलवार दिसते, ती या शिरच्छेदाची खूण मानली जाते.